मोजणाऱ्या गाडीचंही मोजमाप हवं



रस्त्याविषयी मत नसलेला माणूस आपल्याकडे सापडणं कठीण. एसटीच्या मागच्या बाकावर बसून आलेल्या आजींना विचारा, द्राक्षांच्या पेट्या घेऊन रात्री निघालेल्या टेम्पोवाल्याला विचारा, नाही तर रोज दुचाकीवरून शाळा गाठणाऱ्या शिक्षकाला विचारा. रस्ता खराब आहे, हे प्रत्येक जण ठामपणे सांगेल. पण किती खराब, असं विचारलं की उत्तर अडतं. आज मी या ‘किती’बद्दल बोलणार आहे. रस्त्याचा खडबडीतपणा मोजण्यासाठी गाडीवर उपकरणं बसवलेली असतात. ती उपकरणं खरं बोलतात का आणि ते कसं तपासायचं, हा आजचा विषय. माझ्या नोकरीची बरीच वर्षं अशी उपकरणं तपासण्यातच गेली.

हा ‘किती’ एवढा महत्त्वाचा का, असा प्रश्न तुमच्या मनात येईल. एका जिल्ह्यात शेकडो किलोमीटरचे रस्ते असतात आणि दुरुस्तीला पैसा नेहमीच अपुरा असतो. यंदा कोणता रस्ता धरायचा, हे ठरवायला आकडा नसेल तर ज्याचा आवाज मोठा त्याचा रस्ता आधी होतो. दुसरं कारण कंत्राटाचं. मोठ्या कामांच्या करारात खडबडीतपणाची मर्यादा लिहिलेली असते. मर्यादेच्या आत असलेलं काम पास होतं, बाहेर गेलं तर पुन्हा करावं लागतं. तिसरं कारण आपल्या सगळ्यांच्या खिशाचं आहे. रस्ता खडबडीत झाला की टायर लवकर झिजतात, पाटे तुटतात, इंधन जास्त लागतं. शेतमाल दबतो, तो नुकसानीचा भाग वेगळाच. हा खर्च कोणत्याच अंदाजपत्रकात दिसत नाही, पण तो होतच असतो.

आधी खडबडीतपणा म्हणजे काय, ते पाहू. खडबडीतपणा म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर खड्डा येतो. पण एकही खड्डा नसलेला रस्तासुद्धा गाडीला हेलकावे देऊ शकतो. रोलर नीट फिरला नाही, खालचा भराव दबला, पॅच मारताना पातळी राखली नाही, की पृष्ठभागावर उंचसखल लाटा तयार होतात. चालताना त्या जाणवतही नाहीत. गाडी वेगात गेली की त्या अंगाला लागतात. म्हणजे खडबडीतपणा हा रस्त्याचा गुण असला, तरी त्याचा त्रास गाडीच्या मार्फत आपल्यापर्यंत पोचतो. पुढची सगळी गुंतागुंत या एका गोष्टीतून निघते.

रस्ता मोजण्याचा सगळ्यात प्रामाणिक मार्ग लेव्हल आणि स्टाफ घेऊन चालण्याचा. चाक जिथून जातं त्या रेषेवर दर पाव मीटरला उंची घ्यायची. ही पद्धत बिनचूक आहे, पण हिशेब करून पाहा. एका किलोमीटरला एका चाकाच्या रेषेवर ४००० नोंदी होतात, दोन्ही चाकांच्या मिळून ८०००. एवढ्या नोंदी वाहता रस्ता अडवून घ्यायच्या. जिल्ह्यातले सगळे रस्ते असे मोजायचे म्हटलं तर शेवटचा रस्ता मोजून होईपर्यंत पहिला उखडलेला असेल. नव्या कामावर तीन मीटरची सरळ पट्टी ठेवून तिच्याखालची फट पाहतात, तीही चांगली पद्धत आहे. पण तीही तुकड्यातुकड्यानेच होते.

दुसरा मार्ग माणसांना विचारण्याचा. अमेरिकेत इलिनॉय राज्यातल्या ओटावा गावाजवळ १९५८ ते १९६० या काळात रस्त्यांची एक मोठी चाचणी झाली. तिच्या अभ्यासात निवडक माणसांना गाडीत बसवून वेगवेगळ्या रस्त्यांवरून फिरवलं आणि शून्य ते पाच या मापावर गुण द्यायला सांगितलं. माणसांचं मत आणि रस्त्याचं मोजमाप यांचा मेळ घालण्याचा तो मोठा प्रयत्न होता. पण दर वर्षी प्रत्येक रस्त्यावर अशी माणसं नेऊन बसवता येत नाहीत.

मग युक्ती निघाली, की गाडीलाच विचारावं. गाडीचा एक्सल आणि तिचा सांगाडा यांच्यामध्ये एक मोजणी यंत्र बसवायचं. चाक वर उचललं गेलं की तेवढी हालचाल यंत्र टिपतं आणि बेरीज करत जातं. एक किलोमीटर संपला की एकूण किती मिलिमीटर हालचाल झाली, तो आकडा त्या रस्त्याचा. आपल्याकडे याला ‘बंप इंटिग्रेटर’ म्हणतात. काही ठिकाणी ते जीपच्या मागच्या एक्सलवर बसवलेलं असतं, काही ठिकाणी एका चाकाचा छोटा गाडा जीपमागे जोडून ताशी ३२ किलोमीटरने ओढतात. या गाड्याचं मूळ अमेरिकेत १९४० च्या सुमारास वापरात आलेल्या रफोमीटरमध्ये आहे. आपल्या केंद्रीय रस्ते संशोधन संस्थेने त्याची भारतीय आवृत्ती तयार केली आणि देशभर ती ‘पाचवं चाक’ म्हणून ओळखली गेली.

यंत्र साधं, स्वस्त आणि वेगवान. दिवसाला शंभर किलोमीटर सहज मोजून होतात. मग अडचण कुठे आहे?

अडचण अशी, की हे यंत्र एकटा रस्ता मोजत नाही. ते रस्ता आणि गाडी या दोघांना मिळून मोजतं. टायरमध्ये हवा जास्त भरली, आकडा बदलला. मागे दोन माणसं जास्त बसली, आकडा बदलला. एखाद्या चाकाचं बॅलन्सिंग बिघडलं, तर रस्ता गुळगुळीत असूनही यंत्र मोजत राहतं. सगळ्यात मोठा फरक पडतो तो शॉकअ‍ॅब्सॉर्बरमुळे, ज्यांना आपले मेकॅनिक शॉकअप म्हणतात. ते जुने झाले की चाक जास्त उडतं आणि रस्ता आहे त्याहून वाईट दिसतो. नवे, कडक बसवले की तोच रस्ता सुधारल्यासारखा दिसतो. सकाळी थंड गाडीने घेतलेला आकडा आणि दुपारी तापलेल्या गाडीने घेतलेला आकडा यांतही फरक पडतो, कारण तापलेल्या टायरमधला दाब वाढतो आणि तापलेले शॉकअप ढिले पडतात. म्हणून नोंदी सुरू करण्याआधी गाडी काही किलोमीटर चालवून तापवून घ्यावी लागते.

बाजारातल्या काट्याला पासंग असतो, हे आपल्याला ठाऊक आहे. दुकानदाराची वजनं आणि काटा सरकारी निरीक्षक ठरावीक मुदतीने तपासून शिक्का मारतो, आणि तो शिक्का नसेल तर आपण तक्रार करू शकतो. पाव किलो डाळीसाठी आपण एवढी काळजी घेतो. मग कोट्यवधी रुपयांचं काम ज्या काट्यावर तोललं जातं, त्याचा पासंग कोणी पाहायचा?

हे नुसतं तत्त्वज्ञान नाही. आपल्याकडचे निकष इंडियन रोड्स काँग्रेस ठरवते. बॅरिस्टर मुकुंदराव जयकर यांच्या अध्यक्षतेखाली १९२७ मध्ये नेमलेल्या रस्तेविकास समितीच्या शिफारशींतून ही संस्था १९३४ मध्ये उभी राहिली. तिची खडबडीतपणाविषयीची मार्गदर्शिका २००४ मध्ये सुधारली गेली आणि २०१९ मध्ये पुन्हा सुधारली गेली. २००४ च्या आवृत्तीत डांबरी काँक्रीटच्या रस्त्याला किलोमीटरमागे २००० मिलिमीटरच्या आत ‘चांगला’, २००० ते ३००० ला ‘मध्यम’ आणि त्यापुढे ‘खराब’ असं म्हटलं होतं. आता समजा, एका गाडीने एक रस्ता १९०० मोजला. दुसरी गाडी त्याच रस्त्यावर पंधरा टक्के जास्त दाखवते. तिचा आकडा येईल २१८५. रस्ता तोच, दिवस तोच, पण एका कागदावर तो चांगला आणि दुसऱ्या कागदावर मध्यम. पहिला कागद कंत्राटदाराच्या हातात असेल आणि दुसरा खात्याच्या, तर पुढे काय होतं हे मी सांगायला नको. पत्रव्यवहार सुरू होतो, बिल अडकतं आणि रस्ता आहे तसाच राहतो. असे वाद मी जवळून पाहिले आहेत. दोन्ही बाजू आपापल्या आकड्याला चिकटून बसतात, आणि दोन्ही गाड्या शेवटच्या कधी तपासल्या याचं उत्तर मात्र कोणाच्याच फायलीत नसतं.

हाच प्रश्न जगापुढेही उभा राहिला होता. खराब रस्त्यामुळे वाहनांचा खर्च किती वाढतो, याचे मोठे अभ्यास सत्तरच्या दशकापासून केनिया, ब्राझील, कॅरिबियन बेटं आणि आपला भारत इथे झाले. पण प्रत्येक ठिकाणचं मापनाचं साधन आणि मापाची भाषा वेगळी. केनियातला ‘खराब’ आणि ब्राझीलमधला ‘खराब’ एकच का, हे सांगता येईना. तेव्हा १९८२ मध्ये जागतिक बँकेच्या पुढाकाराने ब्राझीलची राजधानी ब्राझिलिया इथे एक आंतरराष्ट्रीय प्रयोग झाला. ब्राझील, ब्रिटन, फ्रान्स, अमेरिका आणि बेल्जियम इथले संशोधक आपापली यंत्रं घेऊन आले. डांबरी, खडीचे आणि मातीचे मिळून ४९ तुकडे निवडले. सगळ्या यंत्रांनी तेच तुकडे वेगवेगळ्या वेगांनी मोजले, आणि त्याच तुकड्यांची उंची लेव्हल लावून इंचाइंचाने घेतली गेली.

या प्रयोगातून जे निघालं ते फार सुंदर आहे. संशोधकांनी ठरवलं, की जगातली कोणतीही खरी गाडी प्रमाण मानायची नाही. प्रमाण मानायची ती एक कल्पनेतली गाडी. गाडी तरी कसली, गाडीचा चौथा हिस्सा. एक चाक, त्याचा टायर, एक स्प्रिंग, एक शॉकअप आणि वर ठरलेलं वजन. ही पाव गाडी गणितात ताशी ८० किलोमीटर वेगाने मोजलेल्या उंचसखल रेषेवरून चालवायची आणि तिची स्प्रिंग किती हलली ते काढायचं. तिचा टायर कधी झिजत नाही, शॉकअप कधी म्हातारे होत नाहीत, ड्रायव्हरही कधी बदलत नाही. या आकड्याला आंतरराष्ट्रीय खडबडीतपणा निर्देशांक म्हणतात. तो किलोमीटरला किती मीटर, असा सांगतात. शून्य म्हणजे तंतोतंत सपाट. नवा चांगला डांबरी रस्ता दोनच्या आसपास येतो, उखडलेला मातीचा रस्ता दहाच्याही पुढे जातो. आपल्या बंप इंटिग्रेटरचे २००० मिलिमीटर या मापावर साधारण पावणेतीनच्या घरात येतात.

‘साधारण’ हा शब्द मी मुद्दाम वापरला, त्याचं कारण ऐका. ताशी ८० ने धावणारी ही पाव गाडी दोन प्रकारच्या लाटांना सर्वाधिक दाद देते. सुमारे पंधरा मीटर लांबीच्या लाटेवर तिचं धूड हेलकावतं आणि सुमारे अडीच मीटरच्या लाटेवर तिचं चाक थडथडतं. वेग कमी केला की गाडीला त्रास देणाऱ्या लाटा आखूड होतात. त्यामुळे ताशी ३२ ने ओढलेला गाडा आणि ताशी ८० ची गणितातली गाडी एकाच रस्त्याच्या थोड्या वेगळ्या गोष्टी टिपतात. एका आकड्याचं दुसऱ्यात रूपांतर करणारं सूत्र आहे, पण ते रुपयाचे पैसे करण्याइतकं नेमकं नाही. म्हणूनच प्रत्येक गाडी स्वतंत्रपणे तपासावी लागते. एकाच कारखान्यातून एकाच दिवशी बाहेर पडलेल्या दोन गाड्यांनाही एकच सूत्र लावता येत नाही.

मग तपासायचं कसं? मी चार कसोट्या सांगतो.

पहिली कसोटी स्वतःशी सुसंगत असण्याची. तीच गाडी, तोच ड्रायव्हर, तोच तुकडा, तोच वेग. पाच वेळा फिरा. पाचही आकडे जवळजवळ आले पाहिजेत. ते विखुरले तर पुढच्या गोष्टी बोलण्यात अर्थ नाही.

दुसरी कसोटी माणूस आणि दिवस बदलण्याची. दुसरा ड्रायव्हर बसवा, दुसऱ्या दिवशी या. आपले ड्रायव्हर हुशार असतात, खड्डा दिसला की हात आपोआप स्टिअरिंग वळवतो. एरवी हा गुण, पण मोजणी करताना हाच दोष ठरतो. अशा वेळी यंत्र ड्रायव्हरचं कौशल्य मोजतं, रस्ता नव्हे. शिवाय समोर उसाची ट्रॉली आली की वेग उतरतो, आणि गतिरोधकाचा धक्का रस्त्याच्या खात्यावर जमा होतो. या सगळ्यांची नोंद वेगळी ठेवावी लागते.

तिसरी कसोटी सत्याशी मेळ घालण्याची. गुळगुळीतपासून खडबडीतपर्यंत सात-आठ तरी तुकडे निवडा, दोन-तीनशे मीटरचे. त्यांची खरी मोजणी लेव्हलने करा, नाही तर ‘मर्लिन’ने. मर्लिन हे ब्रिटनच्या वाहतूक संशोधन प्रयोगशाळेने १९९१ मध्ये प्रसिद्ध केलेलं साधं उपकरण. पुढे एक चाक, हाताने ढकलायची दांडी, १.८ मीटर अंतरावर दोन टेकू आणि मध्ये एक खाली-वर होणारं बोट. दोन टेकूंच्या मानाने मधली जागा किती वर किंवा खाली, ते एक काटा दहापट मोठं करून कागदावर दाखवतो. अशा २०० नोंदी घ्यायच्या, दोन्ही टोकांच्या दहा-दहा सोडायच्या आणि उरलेल्यांचा पसारा मिलिमीटरमध्ये मोजायचा. पसारा ६० मिलिमीटर आला, तर निर्देशांक सुमारे ३.४ येतो. गावातल्या वर्कशॉपमध्येही बनवता येईल असं हे उपकरण आहे, आणि लाखो रुपयांची गाडी खरं बोलते का, हे ते सांगू शकतं. मर्लिनचा आकडा एका अक्षावर आणि गाडीचा दुसऱ्यावर मांडला, की त्या गाडीचं स्वतःचं सूत्र मिळतं.

इथे एक सापळा आहे. पुष्कळ अहवालांत लिहिलेलं असतं, की गाडीचा आणि प्रमाण मापाचा सहसंबंध उत्तम आला, म्हणून यंत्र उत्तम. पण अगदी गुळगुळीत आणि अगदी उखडलेले रस्ते एकाच आलेखावर मांडले, की कोणतंही बरं यंत्र छान दिसतं. वखारीतला मोठा काटा धान्याची पोती अर्ध्या किलोच्या फरकाने बरोबर तोलतो. म्हणून त्यावर सोनं तोलायला कोणी जाईल का? नव्या रस्त्याचं बिल ज्या पट्ट्यात ठरतं, त्या १५०० ते ३००० च्या पट्ट्यात यंत्र किती चुकतं, ते वेगळं पाहिलं पाहिजे.

चौथी कसोटी टिकाऊपणाची. आज केलेली तपासणी किती दिवस चालेल? टायर, स्प्रिंग किंवा शॉकअप बदलले, की जुनं सूत्र त्याच क्षणी संपलं. काही बदललं नाही तरी एक ओळखीचा, फारशी रहदारी नसलेला तुकडा ठरवून ठेवावा आणि मोजणीच्या हंगामात दर आठवड्याला त्यावर गाडी फिरवावी. आकडा सरकू लागला, तर समजावं की रस्ता एका आठवड्यात बदलला नाही, गाडी बदलली.

आता तुम्ही म्हणाल, हे सगळं जुन्या यंत्रांचं झालं. आता लेसरच्या गाड्या आल्या आहेत. खरं आहे. राष्ट्रीय महामार्गांवर कॅमेरे आणि लेसर लावलेली सर्वेक्षण वाहनं फिरतात. त्यांचं तत्त्वही जुनं आहे. १९६० च्या दशकात अमेरिकेत जनरल मोटर्सच्या संशोधकांनी ते मांडलं. गाडीचा सांगाडा किती वर-खाली झाला हे एक संवेदक सांगतो, सांगाड्यापासून रस्ता किती खाली आहे हे दुसरा सांगतो. एकातून दुसरं वजा केलं की गाडीची उडी निघून जाते आणि रस्त्याची खरी रेषा उरते. मग त्या रेषेवरून संगणक ती कल्पनेतली पाव गाडी चालवतो. शॉकअपची कटकट इथे जवळजवळ संपते, ही मोठी प्रगती आहे.

पण पासंग पूर्ण संपत नाही, तो जागा बदलतो. गाडी थांबत-चालत गेली किंवा फार हळू गेली, की हालचालीचा हिशेब बिघडतो. रस्त्यावर पाणी किंवा धुळीचा थर असेल तर लेसर त्याचीच उंची घेतो. काँक्रीटच्या रस्त्यावर पकड राहावी म्हणून बारीक चरे पाडतात. चरे रस्त्याच्या लांबीच्या दिशेने असतील, तर लेसरचा बारीक ठिपका कधी चरात उतरतो, कधी बाहेर येतो, आणि चाकाला न जाणवणारा खडबडीतपणा कागदावर उमटतो. म्हणून पुढे ठिपक्याऐवजी रुंद रेषेचे लेसर आले. या गाड्यांनाही रोजची परीक्षा असते. सपाट जागी उभी करून गाडी हाताने दाबून हलवायची, यंत्राने दाखवलेली रेषा जवळजवळ सपाट राहिली पाहिजे. लेसरखाली ठाऊक असलेल्या जाडीचे ठोकळे ठेवायचे, यंत्राने तीच जाडी सांगितली पाहिजे. दहा मिनिटांचं काम आहे, पण ते रोज केलं आणि लिहून ठेवलं तरच उपयोगाचं.

आणि मोबाइलवर रस्ता मोजणारी अ‍ॅप आली, तेव्हा मला बंप इंटिग्रेटरच पुन्हा भेटल्यासारखं वाटलं. फोन डॅशबोर्डवर ठेवला की खिशात, गाडी छोटी की मोठी, यावर आकडा हलतो. खड्डा कुठे आहे हे कळायला ते छान. बिल ठरवायला मात्र तपासणीशिवाय नाही.

श्रोतेहो, हे सगळं तज्ज्ञांचं आहे, आपला त्यात काय संबंध, असं कृपया समजू नका. तुमच्या गावचा रस्ता झाला आणि ‘खडबडीतपणा मर्यादेत आहे’ असा अहवाल आला, तर तीन साधे प्रश्न विचारा. मोजणारी गाडी शेवटची कधी तपासली? कोणत्या तुकड्यांवर आणि कोणत्या प्रमाण मापाशी ताडून तपासली? त्यानंतर तिचे टायर किंवा शॉकअप बदलले का? २००५ च्या माहिती अधिकार कायद्याने ही कागदपत्रं मागण्याचा हक्क तुम्हाला दिला आहे. आणि खात्यांत काम करणाऱ्या माझ्या तरुण मित्रांना सांगणं एवढंच, की आकडा लिहिताना त्याच्याशेजारी गाडीच्या तपासणीची तारीखही लिहा. निविदेतही तशी अट घाला. एक जास्तीचा रकाना आहे, पण वादाच्या दिवशी तोच तुमच्या बाजूने उभा राहील.

आपण रस्त्याला नावं ठेवतो, कंत्राटदाराला ठेवतो, खात्याला ठेवतो. त्यातलं बरंच खरंही असतं. पण दोष कोणाचा हे ठरवायचं असेल, तर आधी काटा खरा हवा. काटा खोटा असेल तर चांगलं काम करणारा कंत्राटदार नाडला जातो, वाईट काम करणारा सुटतो, आणि ज्या वाडीचा रस्ता खरोखर पहिल्या क्रमांकावर यायला हवा होता, ती वाडी यादीच्या तळाशी राहते. तिथल्या बाळंतिणीला दवाखान्यात नेणारी जीप मग आणखी एक पावसाळा त्याच रस्त्यावरून धक्के खात जाते.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)